लाइटरूममधील ‘डीनॉइज’ : रानातल्या दाणेदार फोटोंवर कितपत उपयोगी?

गेल्या जूनमध्ये कोकणातल्या एका देवराईत टिपलेला नवरंग घरी येऊन संगणकावर उघडला, तेव्हा त्याच्या शेपटीखालचा लाल रंग विस्कटलेल्या रांगोळीसारखा दिसत होता. बाहेर पाऊस, डोक्यावर दाट झाडोरा आणि पक्षी पालापाचोळ्यात किडे शोधत जमिनीवर उड्या मारणारा. त्यामुळे शटर १/५०० सेकंद, अॅपर्चर (लेन्समधून प्रकाश येण्याचे छिद्र) एफ/६.३ आणि आयएसओ (कॅमेरा मिळालेला प्रकाश किती उजळून दाखवतो, तो आकडा) ६४०० अशी मांडणी झाली होती. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप म्हणजे लहान सेन्सरचा, आणि लेन्स १५०-६०० मिमीची, म्हणजे आपल्याकडचे बहुसंख्य हौशी छायाचित्रकार वापरतात त्याच वर्गातली. या फोटोच्या निमित्ताने मी अॅडोबी लाइटरूम क्लासिक या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमधील, फोटोतले दाणे म्हणजेच ‘नॉइज’ कमी करणारी ‘डीनॉइज’ ही सोय गांभीर्याने वापरू लागलो आणि पुढे वर्षभर जुन्या-नव्या फोटोंवर ती पारखून पाहिली.

ही सोय एप्रिल २०२३ मध्ये आली. त्याआधी लाइटरूममध्ये नॉइज कमी करण्यासाठी ‘ल्युमिनन्स’ (उजेडातले दाणे) आणि ‘कलर’ (रंगीत ठिपके) हे स्लायडर होते आणि आजही आहेत. त्यांपैकी कलरचा स्लायडर हिरवे-जांभळे ठिपके चांगले पुसतो, परंतु ल्युमिनन्स वाढवला की दाण्यांबरोबर पिसांच्या कडाही विरघळतात. डीनॉइजची रीत निराळी आहे. दाणेदार आणि स्वच्छ अशा छायाचित्रांच्या असंख्य जोड्यांवर शिकवलेले हे संगणकीय प्रारूप रॉ फाइलमधील, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता जशीच्या तशी साठवलेल्या, मूळ माहितीपासून काम सुरू करते, त्यामुळे दाणा कोणता आणि पिसाची रेघ कोणती हे ते जुन्या स्लायडरपेक्षा पुष्कळ नेमके ओळखते. अर्थात, त्यासाठी फोटो रॉमध्ये काढलेला असावा लागतो. माझे २०१९ पूर्वीचे सगळे जेपीईजी फोटो या उपायाच्या बाहेर राहिले, आणि त्याचा दोष माझ्याकडेच जातो.

नवरंगाच्या फोटोवर आधी स्लायडर मूळच्या ५० वर ठेवून प्रयोग केला. लाल रंग सलग झाला, पाठीवरचा हिरवा स्वच्छ झाला, डोळ्यातील चमक शाबूत राहिली. ७५ वर नेला तेव्हा मात्र छातीवरची पिसे मेणाची वाटू लागली आणि मागच्या ओल्या पानांत गांडुळासारख्या वळवळत्या रेघा उमटल्या, ज्या त्या पानांवर कधीच नव्हत्या. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या या प्रकारच्या सगळ्याच साधनांचा हा स्वभाव आहे. जिथे माहिती उरलेली नसते तिथे ती अंदाजाने भर घालतात, आणि पक्षी जितका दूर तितका अंदाज अधिक. शेवटी ४० वर थांबलो. थोडा दाणा शिल्लक राहिला तरी पक्षी जिवंत वाटतो, असे माझे मत आहे. सपाट गुळगुळीत पार्श्वभूमीची आवड असणाऱ्यांना ते पटणार नाही.

परंतु या सोयीचे खरे मूल्य कळले ते तिच्या अपयशांतून. ताडोब्यातील एका रानगव्याचा फोटो तिने सुधारलाच नाही, उलट त्याच्या खांद्यावरचे केस नाहीसे केले. कारण शोधताना लक्षात आले की त्या सहलीत मी ‘ऑटो आयएसओ’ची, म्हणजे कॅमेरा आपोआप निवडतो त्या आयएसओची, कमाल मर्यादा १६०० वर बांधून ठेवली होती. आयएसओ वाढला की नॉइज वाढतो, म्हणून आयएसओ वाढूच द्यायचा नाही, असा माझा भाबडा हिशेब होता. मॅन्युअल मोडमध्ये शटर आणि अॅपर्चर मीच ठरवलेले, त्यात आयएसओ अडवलेला, त्यामुळे काळा गवा आणखी काळा आला आणि नंतर तो संगणकावर दोन स्टॉपने, म्हणजे चौपट, उजळावा लागला.

इथे मूळ मुद्दा थोडा विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण बहुतेकांची गल्लत याच ठिकाणी होते. प्रकाश कणाकणाने येतो. सेन्सरच्या एका बिंदूवर सरासरी १०० कण पडत असतील, तर प्रत्यक्ष संख्या साधारण १० ने कमी-जास्त होते, म्हणजे चढउतार दहा टक्क्यांचा. तेच १०,००० कण पडत असतील, तर चढउतार १०० चा, म्हणजे अवघा एक टक्का. हा चढउतारच आपल्याला दाण्यांच्या रूपात दिसतो. आयएसओ वाढवल्याने प्रकाश कमी होत नाही आणि घटवल्याने वाढत नाही. शटर आणि अॅपर्चर तेच असतील तर १६०० वर काढून उजळलेला फोटो ६४०० वर काढलेल्या फोटोपेक्षा स्वच्छ येणे शक्य नाही, आणि काही कॅमेऱ्यांत तर सावल्यांमध्ये पट्टे उमटून तो अधिक वाईट येतो. चौपट प्रकाश मिळाला तर नॉइजचे प्रमाण निम्म्यावर येते. हा चौपट प्रकाश १/५०० ऐवजी १/१२५ सेकंदाच्या शटरने फुकट मिळतो, फक्त प्राणी क्षणभर स्थिर हवा आणि लेन्स जिप्सीच्या दांड्यावर तांदळाने भरलेल्या बीन बॅगवर टेकवलेली हवी. अशा वेळी एकामागून एक वीस फोटो घेतले तर त्यांतले दोन-तीन तरी न हललेले निघतात.

दाणे उठून दिसण्याचे दुसरे कारण क्रॉपचे, म्हणजे फोटोच्या कडा कापण्याचे. नवरंग चौकटीत लहान होता म्हणून मी लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी केली. याचा अर्थ २४ पैकी ६ मेगापिक्सेल उरले, गोळा झालेल्या प्रकाशाचाही चौथा हिस्साच उरला, आणि तेवढ्याच आकारात पाहताना प्रत्येक दाणा दुप्पट मोठा दिसू लागला. शहरातल्या एका दुकानदाराने यावर फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेण्याचा सल्ला दिला होता. त्या सेन्सरचे क्षेत्रफळ क्रॉप सेन्सरच्या सव्वादोन पटींहून थोडे अधिक असते हे खरे. पण त्याच ६०० मिमी लेन्सने, त्याच अंतरावरून फोटो घेतला तर सेन्सरवर पडणारी पक्ष्याची प्रतिमा तेवढीच राहते, आणि मग पुन्हा क्रॉप केल्यावर मोठ्या सेन्सरचा फायदा जवळपास संपतो. हे मला दीड लाख खर्च करण्याआधी कळले, याचे समाधान आहे. लेन्समध्ये एफ/६.३ वरून एफ/४ वर गेल्यास अडीच पट प्रकाश मिळतो, मात्र ६०० मिमी एफ/४ लेन्सची किंमत दहा लाखांच्या पलीकडे असल्याने तो विचार इथेच सोडतो.

मे महिन्यात दुपारच्या वेळी पाणवठ्यावर काढलेल्या फोटोंवरही डीनॉइजचा उपयोग झाला नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा हलत असते आणि तिच्यामुळे आलेला धूसरपणा हा नॉइज नसतो.

काही दोष आपण स्वतःच वाढवतो. लाइटरूम रॉ फाइलवर आपणहून ४० इतके शार्पनिंग (कडा धारदार करणे) लावते आणि त्याचे मास्किंग, म्हणजे काही भाग त्यातून वगळणे, शून्य असते, म्हणजे रिकाम्या आकाशातील दाणेही धारदार केले जातात. ऑल्ट कळ दाबून मास्किंगचा स्लायडर सरकवला की कोणत्या भागावर शार्पनिंग होणार हे पांढऱ्या रंगात दिसते. पक्ष्याच्या कडा तेवढ्या पांढऱ्या राहतील इतपत तो पुढे न्यावा. माझ्या निम्म्या फोटोंना एवढे पुरले आणि डीनॉइजची गरजच पडली नाही.

वेग हा या सोयीतला व्यावहारिक अडसर आहे. सगळे काम ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असल्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर एका फोटोला सात-आठ मिनिटे लागतात, तर मित्राच्या गेमिंग लॅपटॉपवर तोच फोटो अर्ध्या मिनिटाच्या आत होतो. सुरुवातीच्या आवृत्त्यांत प्रत्येक वेळी मूळ फाइलच्या कित्येक पट मोठी नवी डीएनजी (अॅडोबीच्या रॉ प्रकारातली) फाइल तयार होत असे. नंतर ती सक्ती गेली. सफारीचे सगळे आठशे फोटो एकदम त्यात घालण्यापेक्षा निवडलेल्या दहा-बारांवरच वापर करावा.

लाइटरूमची वर्गणी आधीपासून भरत असाल तर यासाठी वेगळे काही विकत घेण्याची गरज नाही. केवळ नॉइजसाठी वर्गणी सुरू करणार असाल, तर आधी डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहावे. कॅमेऱ्याच्या प्रकारानुसार नॉइजचे मोजमाप साठवलेले त्यातील ‘डीनॉइज प्रोफाइल्ड’ आयएसओ ३२०० पर्यंत मला पुरेसे वाटले. शिकायला ते अवघड आहे, दोन रविवार त्यात गेले. ६४०० आणि त्यापुढे मात्र लाइटरूमचा निकाल स्पष्टपणे सरस आहे, विशेषतः घुबड, रातवा यांसारख्या संधिप्रकाशातील पक्ष्यांच्या फोटोंत.

नवरंगाचा तो फोटो डीनॉइज ४०, मास्किंग ७० आणि थोड्या कमी क्रॉपसह १२ बाय १८ इंचांत छापून घेतला. पडद्यावर शंभर टक्के मोठा करून पाहताना जो दाणा खुपत होता, तो कागदावर हातभर अंतरावरून शोधूनही सापडला नाही.