कॅन्सस–मेम्फिस, २००८ : अख्खा सामना बघा

एनसीएए मार्च मॅडनेस या अमेरिकन कॉलेज स्पर्धेच्या यूट्यूब चॅनेलवर २००८ची कॉलेज बास्केटबॉलची फायनल पूर्ण आणि फुकट बघता येते. मी कॉलेजच्या मुलींना कोचिंग करते. शेवटच्या दोन मिनिटांतला डिफेन्स शिकवायला याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. पाचपैकी पाच तारे.

हायलाइट्समध्ये कॅन्ससच्या मारिओ चाल्मर्सचा थ्री (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) तेवढा दिसतो: २.१ सेकंद बाकी, ६३-६३. पण सामना तिथवर आणला फाऊलनी, आणि फाऊल हायलाइट्समध्ये कोण ठेवतं?

२ मिनिटं १२ सेकंद उरले तेव्हा मेम्फिस ६०-५१ पुढे होती. कॅन्ससने बास्केट केला आणि मेम्फिसला बॉल आत टाकणंसुद्धा अवघड केलं. शेरॉन कॉलिन्सने पास पळवला, लगेच थ्री मारला. मग सुरू झाले कॅन्ससचे घड्याळ थांबवणारे, मुद्दाम केलेले फाऊल.

इथे एक नियम माहीत हवा. आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमांनी खेळतो. क्वार्टरमधल्या पाचव्या टीम फाऊलपासून (अख्ख्या टीमचे फाऊल मिळून) सरळ दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचे एकेका गुणाचे शॉट. अमेरिकेत पुरुषांच्या कॉलेज सामन्यात हाफमधल्या सातव्या फाऊलपासून ‘वन अँड वन’, म्हणजे पहिला गेला तरच दुसरा मिळतो. दहाव्यापासून दोन.

मेम्फिसच्या ख्रिस डग्लस-रॉबर्ट्सचा वन अँड वनमधला पहिलाच हुकला. नंतर दोन मिळाले, तेही हुकले. १०.८ सेकंद असताना डेरिक रोजने दोनपैकी एक टाकला. पाचात चार वाया!

आता मेम्फिस ६३-६० पुढे. त्यांनी शॉटची हालचाल सुरू व्हायच्या आत फाऊल केला असता, तर कॅन्ससला दोनच फ्री थ्रो मिळाले असते. तसंच ठरलं होतं, असं मेम्फिसचे तेव्हाचे कोच जॉन कॅलिपारी यांनी नंतर सांगितलं. फाऊल मिळाला नाही, चाल्मर्सला शॉट मिळाला. ओव्हरटाइममध्ये कॅन्सस ७५-६८ जिंकली.

असे मुद्दाम फाऊल करण्याला रडीचा डाव म्हणणारे पालक मला भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. पंधरा फुटांवर बोर्ड, समोर अडवायला कुणी नाही, एवढी संधी कॅन्ससने समोरच्याला पुन्हा पुन्हा दिली. शिवाय हात बॉलवरच घालावा लागतो. नुसतं मिठीत धरलं तर समोरच्याला फ्री थ्रोही मिळतात आणि बॉलही.

वेळ कमी असेल तर निदान दुसरा हाफ बघा. मुलींना मी वही घेऊन बसवते आणि दोन्ही टीमचे फाऊल मोजायला लावते. सातवा कधी भरला, हे कॉमेंट्री ऐकायच्या आधी त्यांना कळलं पाहिजे.