लहानग्यांसाठी पुस्तकं विकत घ्यावीत की लायब्ररी लावावी?

शाळा सुरू व्हायच्या सुमारास ओळखीतल्या आईबाबांकडून हा प्रश्न हमखास येतो. मूल चार वर्षांचं झालं, आता लायब्ररी लावायची की पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांतून पुस्तकं आणायची? माझी दोन्ही मुलं थोडी या वाटेने, थोडी त्या वाटेने पुस्तकांपर्यंत पोचली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर फार विचार न करता विकत घ्या. या वयात पुस्तक चावलं जातं, ओढलं जातं, त्यावर वरण सांडतं. शिवाय एकच गोष्ट पंधरा-पंधरा दिवस रोज रात्री लागते. आपल्याला कंटाळा येतो, पण परत परत ऐकूनच मूल शब्द पकडतं आणि एक दिवस पुढचं वाक्य आपल्याआधी म्हणून मोकळं होतं. लायब्ररीचं पुस्तक नेमकं तेव्हाच परत द्यायला आलेलं असतं. मराठीत जाड पुठ्ठ्याची पुस्तकं कमी मिळतात, पण साधी कागदीही चालतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं आणि नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पुस्तकं यांपासून सुरुवात करा. जूनमध्ये मात्र चौकात जाऊ नका. पाठ्यपुस्तकं आणि गाइडांच्या गर्दीत मुलाला घेऊन उभं राहायलाही जागा मिळत नाही. २०२३ पासून डिसेंबरात फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, तिथे बरेच प्रकाशक एकाच जागी भेटतात. सुट्टीचा दिवस टाळून गेलात तर मूल निवांत पुस्तकं चाळू शकतं.

चारच्या पुढे माझं मत लायब्ररीच्या बाजूने झुकतं. पैसे वाचतात हे खरं, पण माझं कारण वेगळं आहे. विकत घेतलेलं पुस्तक बहुतेक वेळा आपण निवडलेलं असतं. पैसे मोजलेले असतात, म्हणून ते पूर्ण वाचलं जावं असंही आपल्याला वाटत राहतं. लायब्ररीत मूल पुस्तक उचलतं, दोन पानं बघतं, नको म्हणून ठेवतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. माझ्या मुलीने सलग तीन आठवडे सापांचं एकच पुस्तक घरी आणलं. मुलाने सहाव्या वर्षी मुखपृष्ठावर हत्ती दिसला म्हणून मोठ्यांचा जाडजूड ग्रंथ हट्टाने घेतला. आठवडाभर तो उशाशी होता, एक ओळही वाचली गेली नाही. मी काही बोलले नाही. पुढच्या खेपेला त्याने स्वतःच पातळ पुस्तक निवडलं.

आता लायब्ररी कुठली? पुण्याचं भाग्य असं की १८४८ सालचं पुणे नगर वाचन मंदिर आणि नारायण पेठेतलं १९११ सालचं पुणे मराठी ग्रंथालय आजही आपल्यात आहेत. पेठांमध्ये किंवा जवळपास राहत असाल तर आधी तिथे चौकशी करा. वाकड, उंड्री, हडपसरकडून मात्र दर आठवड्याला तिथवर येणं जमत नाही. आम्ही पहिल्या वर्षी लांबची लायब्ररी लावली होती, वर्षभरात चारदा गेलो. दहा मिनिटांवरचं एक खोलीचं वाचनालय लहान मुलासाठी जास्त कामाचं.

अनामत भरण्याआधी मुलाला घेऊन एकदा नुसते जाऊन या. कपाटं मुक्तद्वार आहेत का, म्हणजे मुलाला स्वतः पुस्तक काढता येतं का, की काउंटरवर नाव सांगून मागवावं लागतं? बालविभागाचे रॅक त्याच्या उंचीचे आहेत का? खाली बसायला सतरंजी आहे का? संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तिथली माणसं मुलाशी कसं बोलतात ते बघा. एका ठिकाणी माझ्या मुलीच्या हातून पान फाटलं आणि तिच्यादेखत मला सुनावलं गेलं. पुढचे तीन महिने ती त्या जिन्याची पायरी चढायला तयार नव्हती. दुसऱ्या वाचनालयात असंच झालं तेव्हा तिथल्या काकांनी चिकटपट्टी तिच्याच हातात दिली आणि शेजारी बसून पान जोडून घेतलं. आम्ही तिथेच रमलो.

मोबाइलबद्दल थोडक्यात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' या मुलांच्या मासिकाचे जुने अंकही नेटवर वाचता येतात. झोपताना मी मुलांच्या हातात फोन देत नाही. गोष्टी छापते आणि स्टेपल करून देते. 'किशोर' मोठ्याला आवडतो, धाकटीला अजून जड जातो.

जवळपास एकही वाचनालय नसेल तर इमारतीतल्या चार घरांनी मिळून प्रत्येकी पाच पुस्तकं घ्या आणि दर रविवारी बदला. वीस पुस्तकांत बरेच महिने निघतात, आणि शेजारच्या मुलाने वाचलेलं पुस्तक आपल्या मुलाला हमखास हवं असतं.

लायब्ररी लावलीत तर कार्ड मुलाच्याच नावाने करून मागा. माझ्या मुलाचं कार्ड कंपासपेटीत असतं आणि शनिवारी चपला घालायच्या आधी तो ते आहे ना, हे उघडून बघतो.