खालून नव्या, वरून जुन्या: रिगिंगच्या कामात झालेली फसवणूक

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या सगळ्या तारा, म्हणजे रिगिंग, बदलल्याचं सविस्तर बिल माझ्याकडे आहे. तारेची जाडी, लांबी, स्टीलचा दर्जा, मजुरी, सगळं त्यात व्यवस्थित लिहिलंय. प्रत्यक्षात बदललं होतं ते डेकवर उभ्या माणसाच्या नजरेत येतं तेवढंच. जुनी शिडाची बोट तयार करून कोणी किनाऱ्या-किनाऱ्याने लांबच्या सफरीला निघणार असेल, तर त्याने हे वाचावं म्हणून लिहितोय. यात पैसे जातातच, पण जीवही जाऊ शकतो.

बोट फायबरग्लासची, वयस्कर, पण बांधणीने भक्कम. पाण्यात उतरवण्याआधी यार्डातल्या एका ठेकेदाराला चार कामं दिली: स्टे आणि श्राउड (डोलकाठीच्या पुढच्या-मागच्या आणि बाजूच्या तारा) नवे, बुडातले सीकॉक (पाण्याच्या भोकांवरचे नळ) नवे, इंजिनाची सर्व्हिस आणि लाइफ राफ्टची (बोट बुडाली तर वापरायच्या फुगणाऱ्या तराफ्याची) तपासणी. स्टेनलेसच्या तारांचं आयुष्य साधारण 10 ते 15 वर्षं धरतात, आमच्या तारांनी ते केव्हाच ओलांडलं होतं. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे आणि प्रत्येक टप्प्याला त्याने फोटो पाठवायचे, असं ठरलं. फोटो वेळेवर यायचे. माणूस मुद्देसूद बोलायचा, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे तयार असायचं.

इंजिनाचं काम त्याने खरोखर चोख केलं होतं. थंड करणारं पाणी खेचणाऱ्या पंपाचं चाक, म्हणजे इम्पेलर, नवा, तेल आणि फिल्टर नवे. आता वाटतं, तेही विचारपूर्वकच. बोट ताब्यात घेताना मालक आधी इंजिन सुरू करून बघतो, आणि ते पहिल्या झटक्यात सुरू झालं की बाकीच्या कामांवरही त्याचा विश्वास बसतो.

सफरीतला पहिला मोठा टप्पा. एक भूशिर ओलांडल्यावर वारा वाढला, शीड रीफ केलेलं, म्हणजे दुमडून लहान केलेलं होतं, बोट छान कलून चालली होती. वरून टणकन आवाज आला. वाऱ्याकडच्या श्राउडचा एक पीळ, म्हणजे त्यातली एक बारीक तार, सुटून स्प्रेडरखाली (डोलकाठीवरच्या आडव्या दांड्याखाली) लोंबत होता. अशा तारेत 19 पीळ असतात; एक तुटला की त्याचा भार उरलेल्यांवर जातो आणि तेही त्याच वयाचे असतात. सोबत्याने लगेच बोट फिरवून वारा दुसऱ्या बाजूला घेतला, म्हणजे तुटक्या तारेवरचा ताण उतरला. मग शीड खाली घेतलं, जादा हॅल्यर्ड (शीड वर चढवायचा दोर) डेकच्या कडेला बांधून ताणला आणि इंजिनावर जवळचं बंदर गाठलं. डोलकाठी वाचली. ती पडली असती तर कोणाच्या अंगावर पडली असती, हा विचार अजूनही डोक्यातून जात नाही.

त्या बंदरातला रिगर, म्हणजे रिगिंगचा कारागीर, वर चढला आणि खाली येऊन त्याने जे सांगितलं ते ऐकून सुन्न झालो. ठेकेदाराने प्रत्येक तारेचं खालचं टोक कापून तिथे नवं टर्मिनल (तारेच्या टोकाची धातूची जोडणी) आणि नवं टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) बसवलं होतं. कापल्यामुळे तार आखूड झाली, ती उणीव एक जादा टॉगल, म्हणजे जोडणीची हलती कडी, लावून भरून काढली. तारा घासून चकचकीत केल्या. वरच्या टोकांची दाबून बसवलेली टर्मिनलं मात्र मूळचीच. त्यांच्यावर उभ्या बारीक भेगा होत्या आणि तार आत शिरते तिथे तपकिरी गंज.

मग आम्ही प्रत्येक गोष्ट उघडून बघितली. सीकॉक जुनेच होते, वर नवा रंग. रंग खरवडल्यावर धातू गुलाबीसर दिसला. साध्या पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं, उरतं ते तांबूस आणि ठिसूळ, हातोडीच्या हलक्या ठोक्यानेही तुटू शकेल असं. पाण्याच्या पातळीखाली असलेला असा सीकॉक तुटला तर बोट बुडवायला तेवढं एकच भोक पुरतं.

मला सर्वांत जास्त राग लाइफ राफ्टचा आहे. डब्यावर ताजं स्टिकर, सोबत प्रमाणपत्र. अधिकृत सर्व्हिस केंद्रात नेला तेव्हा प्रमाणपत्रावरचा अनुक्रमांक डब्यावरच्या क्रमांकाशी जुळलाच नाही. आतल्या फ्लेअरची (संकटात पेटवायच्या इशारा-ज्योतींची) मुदत संपलेली, आणि गॅसच्या सिलिंडरचं वजन त्यावर कोरलेल्या वजनापेक्षा कमी. आम्ही बुडत असतो तर याच्याच भरवशावर पाण्यात उडी मारली असती. बाकीची लबाडी पैशाची म्हणता येईल, पण हे करताना त्या माणसाच्या मनात काय आलं असेल ते मला खरंच समजत नाही.

फोटोंचं कोडं रिगरनेच सोडवलं. त्यातले स्प्रेडर मागे झुकलेले होते, आमचे सरळ आहेत. बोट दुसऱ्याच कोणाची! मेसेजिंग ॲपवरून आलेल्या फोटोत तो कधी काढला याची मूळ नोंद सहसा राहत नाही, म्हणून मूळ फाइल मागवा. फ्रेममध्ये तुमच्या बोटीचं नाव आणि कागदावर लिहिलेली तारीख एकत्र दिसली पाहिजे.

काढलेल्या तारा, टर्मिनलं, सीकॉक परत मिळतील, हे कामाच्या करारातच लिहून घ्या. जुना माल हातात आल्याशिवाय त्या टप्प्याचे पैसे देऊ नका. शेवटच्या हप्त्याआधी ठेकेदाराशी संबंध नसलेल्या रिगरला डोलकाठीच्या टोकापर्यंत चढवा. त्याला लागेल तेवढा वेळ द्या. नवे सीकॉक पितळेचे असतील तर जस्त न सोडणाऱ्या पितळेवर बहुधा 'सीआर' (CR) हा छाप असतो, तो बसवण्याआधी बघून घ्या. राफ्टचं प्रमाणपत्र देणाऱ्या केंद्राचं नाव राफ्ट बनवणाऱ्या कंपनीकडून स्वतः पडताळा, कागदावर छापलेल्या नंबरवर फोन करून नव्हे. शक्य असेल तर राफ्ट उघडताना तिथे हजर राहा, बरीच केंद्रं राहू देतात.

ठेकेदार आधी म्हणाला, तारा चांगल्या होत्या म्हणून ठेवल्या. बिल दाखवल्यावर म्हणाला, कामगाराने घोळ केला. त्यानंतर फोन उचलणं बंद. त्या बंदरातल्या रिगरचा लेखी अहवाल, राफ्ट केंद्राचा अहवाल आणि तो दुसऱ्या बोटीचा फोटो जोडून तक्रार दिली आहे. कापून काढलेली वरची टोकं चिठ्ठ्या लावून जपून ठेवली आहेत, कोणती कुठल्या बाजूची ते लिहून. त्याच यार्डात ज्यांनी रिगिंग करून घेतलंय त्यांतल्या दोघांना मी ती दाखवली. एकाने तिथेच दुर्बीण मागितली.