भाषा शिक्षकांची कार्यशाळा, टिळकवाडी (बेळगाव) : पैसे वसूल, पण…

पाचपैकी साडेतीन. त्यातला एक गुण निपाणीकडच्या एका गुरुजींचा, संयोजकांचा नव्हे.

मी बेळगाव तालुक्यातल्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. आमच्याकडं प्रशिक्षणांना तोटा नाही. सीआरपींचा (शाळांच्या गटाला नेमलेल्या साधनव्यक्तींचा) फोन आला की जायचं, सही करायची, चहा प्यायचा, परत यायचं. त्यामुळं खिशातले सहाशे रुपये भरून ‘भाषा शिक्षक म्हणून मी कोण?’ असल्या विषयाला निघाले म्हटल्यावर घरच्यांनी वेड्यात काढलं. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत.

सकाळची शाळा उरकून शनिवारी दुपारी पोचले, तर ती दुपार वायाच गेली. मार्गदर्शक बाई पुण्याकडच्या, बोलायला गोड, पण स्लाइड सगळ्या तिकडच्याच. मूल वर्गाबाहेरही मराठीच ऐकतं, असं धरूनच सगळी मांडणी. इथं शाळेचं फाटक ओलांडलं की बसची पाटी कन्नड, दुकानाचा बोर्ड कन्नड. एसएसएलसीला, म्हणजे इथल्या दहावीच्या परीक्षेला, प्रथम भाषा 125 गुणांची, बाकी विषय 100चे, म्हणजे निकालाचं मोठं ओझं मराठीच्या शिक्षकावर. आणि बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची परिपत्रकं मात्र कन्नडमधून. कन्नडच्या बाई आमच्याच स्टाफरूममध्ये बसतात, डबा एकत्र खातो. बाहेर सीमाप्रश्नावरून काही पेटलं की त्या दिवशी दोघींनाही काय बोलावं सुचत नाही. भाषा शिक्षकाची ‘ओळख’ म्हणता तर ही घ्या की! त्यावर एक स्लाइड नाही.

रविवारी मात्र गाडी रुळावर आली. आधी सांगून ठेवल्याप्रमाणं प्रत्येकानं आपल्या तासाचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग आणलं होतं. ते ऐकून शब्दन् शब्द कागदावर उतरवायचा: कोण बोललं, कुणाला बोललं, कशासाठी बोललं. कंटाळवाणं काम, हात दुखून आला. पण निपाणीकडच्या गुरुजींनी आपलं रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लावलं आणि खोलीतली झोप उडाली. धडा वाचताना छापील मराठी. तोच परिच्छेद समजावताना थेट कोल्हापूरची बोली, ‘आता हितं बघा रं’. मागच्या बाकावर गडबड झाली तसा कन्नडमधून दम, ‘सुम्मने कूतको!’ (गप्प बस!) गुरुजींना स्वतःलाच पत्ता नव्हता. हसून हसून पुरेवाट झाली.

मार्गदर्शक बाईंचं म्हणणं, वर्गात शिक्षकानं प्रमाण मराठीचा नमुना ठेवावा. त्यावर जांबोटी भागात शिकवणाऱ्या एक बाई उठल्या. पहिलीतलं पोर घरातून कोकणी वळणाचं बोलतच येतं, त्याच्याशी मी पहिल्या दिवसापासून पुस्तकासारखं बोलले तर ते तोंडच उघडणार नाही, म्हणाल्या. वाद जेवणापर्यंत चालला. माझं मत जांबोटीच्या बाईंकडं. परीक्षेच्या पेपरात प्रमाण लेखन हवंच, ते शिकवायला आपण बसलोय. पण समजावणाऱ्या गुरुजींचा आवाज कापून टाकला तर वर्गात उरतं काय? मार्गदर्शक बाईंनीही शेवटी वही काढून टिपून घेतलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

प्रश्नवही दिली आहे, ती चांगली. ‘तुम्हाला भाषा शिक्षक कुणी केलं?’ या पहिल्याच प्रश्नाला आमच्या गटातली खरी उत्तरं अशी: टीसीएचला (शिक्षक होण्याच्या कोर्सला) नंबर लागला, सायन्सला मिळालं नाही, वडील म्हणाले. भाषेची आवड होती म्हणून, असं कुणीच लिहिलं नाही. पुढचा प्रश्न, ‘मग टिकलात का?’ यावर मात्र लोक बराच वेळ लिहीत बसले. कागद पातळ, शाई मागं उमटते.

जेवण: पुरी-भाजी, मसालेभात, शेवटी कुंदा. तक्रार नाही. पंखे दोनच चालू होते. आणि एकमेकांचे तास बघायला जायचं, दर महिन्याला भेटायचं, असं ठरवून जो व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, त्यावर आजतागायत गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ चाललंय. संयोजकांनी एक माणूस यावर नेमायला हवा होता. याचाच राहिलेला दीड गुण कापला.

नव्यानं लागलेल्या अतिथी शिक्षकांनी इतक्यात जाऊ नये, आधी वर्ग सांभाळायला शिका. चार-पाच वर्षं झालेल्यांनी जरूर जावं, शक्यतो शाळेतल्या कन्नडच्या शिक्षकांनाही घेऊन. संयोजक नाही म्हणत नाहीत, मी विचारलंय. शनिवारी दुपारी गेला नाहीत तरी चालेल, पण रेकॉर्डिंग घेतल्याशिवाय रविवारी जाऊ नका. प्रमाणपत्राचा बढतीला उपयोग नाही.