शुअर एसएम ५७ : ॲम्पच्या जाळीशी बसणारा माइक

खोलीत भरदार वाटणारा इलेक्ट्रिक गिटारचा आवाज ध्वनिमुद्रणात बहुधा चिरका आणि कोरडा उतरतो, आणि त्याचे खापर माइकवर फुटते. शुअर कंपनीचा एसएम ५७ मी गेली चार वर्षे घरातल्या लहान खोलीत, १५ वॅटच्या ट्यूब ॲम्पसमोर (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या, स्पीकर बसवलेल्या पेटीसमोर) वापरत आहे. माझ्या मते यात दोष माइकचा कमी आणि आपल्या अपेक्षेचा अधिक असतो. ॲम्प जमिनीवर असतो, आपले कान उभ्या माणसाच्या उंचीवर असतात आणि भिंतींवरून परतलेला आवाजही त्यांत मिसळतो. माइक मात्र स्पीकरच्या जाळीला नाक लावून बसलेला असतो. त्याला जे ऐकू येते, ते त्या जागी कान नेऊन आपण कधी ऐकलेलेच नसते.

१९६५ साली बाजारात आलेला हा डायनॅमिक माइक फँटम पॉवरविना (माइकला तारेतून द्यावी लागणारी वीज न घेता) चालतो आणि ॲम्पच्या मोठ्या आवाजाला बधत नाही. त्याची ऐकण्याची कक्षा कागदोपत्री ४० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ, म्हणजे चांगल्या कंडेन्सर माइकच्या मानाने तोकडी आहे; पण गिटारचा १२ इंची स्पीकर स्वतःच ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने उतरत असल्यामुळे ही उणीव इथे जाणवत नाही. खरी मेख ५-६ किलोहर्ट्झच्या आसपास या माइकला असलेल्या उठावात, म्हणजे तो पट्टा जास्त उचलून धरण्यात आहे. ड्रम आणि बासच्या गर्दीतून गिटारला पुढे आणतो तो हाच उठाव, आणि जागा चुकली की कानाला टोचतो तोही हाच.

म्हणून जागेविषयी सविस्तर लिहितो. स्पीकरच्या मधोमध जी घुमटी असते, तिच्यासमोर माइक नेमका धरला तर आवाज सर्वांत धारदार येतो. तिथून कडेकडे तीन-चार सेंटिमीटर सरकवला की धार बोथट होऊन मधल्या पट्ट्यांना गोलाई येते. जाळीपासून बोटभर अंतरावर खर्ज फुगतो, वीतभर मागे घेतल्यास तो ओसरतो आणि खोली ऐकू येऊ लागते. मी एकटाच असल्यामुळे प्रत्येक जागी तालाची तीच चार आवर्तने वाजवून मुद्रित करतो आणि नंतर सगळे तुकडे एका पातळीवर आणून ऐकतो, कारण जो तुकडा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. ॲम्पवरचे गेनचे, म्हणजे आवाज किती फाटावा हे ठरवणारे बटणही सवयीपेक्षा बरेच खाली ठेवावे लागते. एकच ओळ दोनदा वाजवून डावी-उजवीकडे ठेवली की हवा तो जाडपणा आपोआप येतो. (शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेचा विचार वेगळा करावा लागतो, कारण अगदी हळू वाजवलेला ॲम्प या माइकलाही निर्जीवच ऐकू येतो.)

उणिवाही आहेत. याची संवेदनशीलता कमी असल्याने मंद स्वराच्या अकूस्टिक गिटारसाठी इंटरफेसचा (माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्राचा) गेन, म्हणजे माइकचा आवाज उचलण्याचे प्रमाण, खूप वाढवावा लागतो, आणि साध्या इंटरफेसवर त्याबरोबर सळसळही वाढते. डिस्टॉर्शन न लावलेल्या, स्वच्छ आवाजातल्या जॅझच्या सुरावटींसाठी हा मला रुक्ष वाटतो. तिथे रिबन माइकची जोड उत्तम, मात्र दोन्ही माइक स्पीकरपासून समान अंतरावर नसतील तर फेज (दोन्हींकडे पोहोचणाऱ्या ध्वनिलहरींचा मेळ) बिघडून आवाज पोकळ होतो. शिवाय याच्या नकला बाजारात मुबलक असल्याने संशय यावा इतक्या कमी किमतीत तो घेऊ नये.

ॲम्पच नसलेल्या, मॉडेलर (ॲम्पची डिजिटल नक्कल करणारे यंत्र) आणि इम्पल्स रिस्पॉन्सवर (स्पीकर व माइकच्या आवाजाचा ठसा साठवलेल्या फायलींवर) काम करणाऱ्या वादकाला हा माइक घेण्याची गरज नाही. त्या फायलींपैकी कित्येक याच माइकने घेतलेल्या असतात. ज्याच्याकडे ॲम्प आहे, त्याने मात्र माइकबरोबरच लहान आणि जड बुडाच्या स्टँडचेही पैसे बाजूला काढावेत. माझा पहिला हलका स्टँड वाजवताना हळूहळू खचत असे, आणि तासभर शोधलेली जागा तिसऱ्या टेकपर्यंत हातची जात असे. आता जाळीवर निळ्या चिकटपट्टीच्या दोन खुणा आहेत : एक ऱ्हिदमची, एक सोलोची, आणि दोघींत जेमतेम अडीच सेंटिमीटरचे अंतर आहे.