मुरूड ते जयगड, गाडीसकट चार खाड्या: फेरीबोटींचा रिव्ह्यू

कोकणात गाडी घेऊन निघायचं म्हटलं की बहुतेकजण मुंबई-गोवा हायवे धरतात, मग एका बीचसाठी आत फाटा घ्यायचा, परत हायवेला यायचं, परत पुढचा फाटा, असं चालू राहतं. मी आणि नवरा या जानेवारीत हायवेला लागलोच नाही. अलिबागवरून मुरूड आणि तिथून खाली जयगडपर्यंत किनारा धरूनच गेलो आणि मधे ज्या चार मोठ्या खाड्या आडव्या येतात त्या फेरीबोटीने पार केल्या. रिसॉर्टचे रिव्ह्यू ढिगाने सापडतात, पण ज्या सर्विसमुळे हा रूट सलग करता येतो तिच्याबद्दल नीट कुणी लिहीत नाही, म्हणून हा रिव्ह्यू मुख्यतः फेरीचाच. मार्क आधीच सांगते, पाचपैकी साडेचार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, उत्तरेकडून निघालात तर पहिली फेरी आगरदांडा ते दिघी, ती राजपुरीची खाडी. दुसरी हरिहरेश्वरच्या जवळ बागमांडला ते वेसवी, ही सावित्रीची, इकडे रायगड जिल्हा संपतो आणि पलीकडे उतरलं की रत्नागिरी. तिसरी दाभोळ ते धोपावे, वाशिष्ठी. आणि चौथी तवसाळ ते जयगड, शास्त्री. यातली दाभोळ-धोपावे सगळ्यात जुनी, २००३ पासून चालू आहे, बाकीच्या नंतर आल्या. ही नव्हती तेव्हा माणसं लाँचने पलीकडे जायची पण गाडीला पर्यायच नव्हता, दापोलीहून गुहागरला जायचं तर खेड, चिपळूण करत शंभरेक किलोमीटर, त्यात वळणावळणाचा रस्ता. आता पाण्यावरचा वेळ जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. तिकीट गाडीचं वेगळं, माणसाचं वेगळं आणि दोन्ही मिळून त्या वळशात जेवढं पेट्रोल जळतं त्याच्या मानाने काहीच नाही.

बोटीत गाडी चढवायची भीती वाटते म्हणून लोक हा रूट टाळतात असं मला बऱ्याच जणांशी बोलल्यावर कळलं, त्यामुळे ते जरा सविस्तर सांगते. बोट जेट्टीला लागली की पुढचा लोखंडी रॅम्प साखळ्यांवरून खाली येतो, काँक्रीटवर टेकतो, आधी आतल्या मोटरसायकली सुटतात, मग रिक्षा, मग गाड्या. ते रिकामं झालं की आपला नंबर. बऱ्याचदा गाडी रिव्हर्सने आत घ्यायला सांगतात, म्हणजे पलीकडे सरळ बाहेर पडता येतं. बोटीवरचा माणूस मागे उभा राहून हाताने सांगत असतो, या, या, डावीकडे कापा, सरळ करा, बास. त्याच्याकडेच बघायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. आमची वॅगनार आहे, बाजूच्या टेम्पोपासून वीतभर अंतरावर लावून घेतली त्याने, एक ओरखडा नाही. ओहोटीला रॅम्पचा उतार जास्त होतो, खालचा भाग ओला आणि शेवाळलेला असतो, तिथे छोट्या गाडीवाल्यांनी पहिल्या गिअरमध्ये अगदी हळू उतरायचं, ब्रेक दाबत बसायचं नाही. हँडब्रेक लावून गाडी गिअरमध्येच ठेवायची आणि खाली उतरून वर डेकवर जायचं, गाडीत बसून राहिलात तर सगळी मजा गेली.

मला स्वतःला दाभोळची फेरी सगळ्यात आवडली. आमच्याबरोबर एक कॉलेजच्या मुलींचा घोळका होता, दोन मावश्या सुकटीच्या टोपल्या घेऊन, एक नारळांनी भरलेला टेम्पो आणि एक आजोबा ज्यांना गुहागरला डॉक्टरकडे जायचं होतं. म्हणजे आपल्याला ही सहल वाटते पण त्यांच्यासाठी हा रोजचा रस्ता आहे, आणि म्हणूनच ती वेळेवर सुटते हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसत्या टुरिस्टवर चालणारी असती तर सोमवार ते गुरुवार कुणी विचारलं नसतं. खाडीच्या तोंडाकडे बघितलं की अंजनवेलची बाजू दिसते, तिकडेच गोपाळगड, तिकडेच एकेकाळच्या एन्रॉनचा तो वीजप्रकल्प. आणि मागे दाभोळ, जे आता एक शांत गाव आहे पण बहमनी आणि आदिलशाहीच्या काळात या किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं, इतकं मोठं की १५०८ च्या शेवटी पोर्तुगीजांनी येऊन ते जाळलं. फेरीची घाई करू नका, आधी दाभोळची दगडी मशीद बघा, जेट्टीच्या जवळच आहे, लोक तिला अंडा मशीद म्हणतात. चंडिकादेवीचं देऊळ गुहेत आहे, आत जवळजवळ अंधार, समईच्या उजेडात दर्शन घ्यायचं. नवरा देवळात फारसा रमत नाही पण तिथून तो लवकर बाहेर आला नाही.

आता मधल्या रस्त्यांबद्दल. दिवेआगर ते श्रीवर्धन आतल्या रस्त्याने न जाता शेखाडीवरून जा, समुद्र अगदी गाडीच्या उजव्या खिडकीला येऊन बसतो. तिथल्या वाड्यांमध्ये अजूनही मधेच मोकळे पट्टे दिसतात, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात नारळी-पोफळी अक्षरशः आडव्या झाल्या होत्या, आणि पोफळ काय वर्षभरात उभी राहत नाही, श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्यांच्या घरचं वर्षाचं उत्पन्न होती त्यांनी काय काढलं असेल ते तिथे थांबून कुणाशी बोललात तरच समजतं. वेसवीला उतरल्यावर बाणकोट आणि पुढे वेळास, नाना फडणवीसांचं गाव आणि आता ऑलिव्ह रिडले कासवांचं. जानेवारीत पिल्लं बघायला मिळत नाहीत, त्यासाठी साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून पुढे जायचं, पण गावातल्या घरी जेवायला थांबता येतं. केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णैचा मासळीचा लिलाव हे सगळं सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. फक्त हर्णैला लिलावाच्या वेळी गाडी खाली बंदरापर्यंत नेऊ नका, अडकाल.

जेवणाचं सांगायचं तर मोठ्या हॉटेलांत पनीर आणि तंदुरीच्या मागे लागू नका, किनाऱ्यावर येऊन ते खायचं कशाला. आम्ही सगळीकडे आदल्या दिवशी फोन करून घरगुती जेवण सांगून ठेवलं. गुहागरच्या बाजूला एका काकूंकडे केळीच्या पानावर डाळिंब्यांची उसळ, आमसुलाचं सार, गरम भात आणि कुळथाचं पिठलं, वरती खवलेलं ओलं खोबरं, आणि त्या स्वतः समोर बसून वाढत होत्या, अजून थोडा भात घ्या गं, गाडीत बसायचंय ना तुम्हाला. नवऱ्याला मासे लागतात, त्याला हर्णैजवळ एका खानावळीत बांगड्याचं तिखलं मिळालं, त्याच्या मते अख्ख्या प्रवासातला तोच सर्वोत्तम पदार्थ, माझ्या मते ते पिठलं. यावर आमचं एकमत होणार नाही.

अर्धा मार्क कशाचा कापला ते पण सांगते. एका जेट्टीवर सावली नव्हती आणि बाईमाणसाने जावं असं टॉयलेट तर नव्हतंच, आणि दुपारी फेरी पलीकडे असेल तर तेवढा वेळ उन्हात उभं राहावं लागतं. हे सुधारायला फार खर्च येत नाही, पत्र्याची शेड आणि पाण्याची सोय असलेली दोन टॉयलेटं, एवढंच मागणं आहे. लाँग वीकेंडला गाड्यांची रांग लागते, शनिवारी सकाळी जायचा प्लॅन असेल तर पहिल्याच फेरीला पोचा. बाकी तक्रार फेरीची नाही, एका ठिकाणच्या राहण्याची आहे, फोटोत समुद्र दिसणारी रूम होती, प्रत्यक्षात खिडकीसमोर भिंत, आणि बदलून मागितली तर उडवाउडवीची उत्तरं. तेव्हापासून आम्ही आधी व्हिडिओ मागवायला लागलो.

प्लॅन करताना एक लक्षात ठेवा, नकाशावरचे किलोमीटर बघून वेळ ठरवू नका. बुरोंडीच्या पुढे दाभोळपर्यंतचा रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली की आपणच बाजूला घ्यायचं, आणि तेच बरोबर आहे. अंधार पडल्यावर हे रस्ते चालवू नका. प्रत्येक फेरीची पहिली आणि शेवटची वेळ वेगवेगळी असते, ती आदल्या रात्री बघून घ्या, शेवटची हुकली तर पूर्ण वळसा नाहीतर मुक्काम. कॅश जवळ ठेवा कारण मधे मधे रेंज जाते आणि मग यूपीआय चालत नाही. टाकी अर्ध्यावर आली की दिसेल त्या पंपावर भरा. पावसाळ्यात समुद्र आणि हवामान बघूनच ठरवा. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल तर हा रूट खरंच नको, खड्डे आहेत आणि वळणं संपत नाहीत.

रेवस ते रेडी सागरी महामार्ग अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकतोय, आता या खाड्यांवर पूल व्हायचेत. बाणकोटच्या खाडीत, म्हणजे बागमांडला-वेसवीला, तर अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब फेरीतूनच दिसतात. पूल झालेच पाहिजेत, रात्री अपरात्री पेशंट घेऊन जेट्टीवर थांबायची वेळ कुणावर येऊ नये. पण तोपर्यंत जमत असेल तर चारही फेऱ्या एकाच प्रवासात करा, दोघंच असाल तर अजून चांगलं, एकाने चालवायचं आणि बोटीवर दोघांनी मोकळं व्हायचं.

पुढच्या खेपेला आम्हाला जयगडच्या खाली जायचंय, आरे-वारे, पावस, पूर्णगड करत विजयदुर्गपर्यंत. त्या बाजूला कुणी नुकतंच छोटी गाडी घेऊन गेलं असेल तर जैतापूरच्या आसपासचा रस्ता सध्या कसा आहे आणि घरगुती जेवण कुठे मिळतं तेवढं सांगा.