ग्वाल्हेरची 'नेपाळ कनेक्शन' टूर : गाइड भारी, पण गोष्ट अर्धीच (५ पैकी साडेतीन)

आधीच सांगते, मी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातलीच, माहेर कंपूला आणि सासर नई सडकेवर, त्यामुळे ग्वाल्हेरात गाइड करून फिरायचं म्हणजे मलाच जरा लाज वाटत होती. पण दिवाळीनंतर पुण्याहून मावसबहीण आली, सोबत नवरा आणि नऊ वर्षांचा चिरंजीव, आणि तिला कोणीतरी फोनवर पाठवलेलं की इकडे एक माणूस शिंदे घराणं आणि नेपाळ अशी खास टूर करतो, मराठीतून. अर्धा दिवस, गाडी आणि गाइड धरून १८०० रुपये, तिकिटं आपापली. मी म्हटलं चला, बघू तरी आपल्याच गावाबद्दल काय सांगतो. सासूबाई पण निघाल्या, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखतात पण राजवाडा म्हटलं की काठी घेऊन सगळ्यात पुढे.

गाइडचं नाव देत नाही, कारण थोडं वाकडंही लिहिणार आहे. मराठी म्हणजे आपली इथली मराठी, "चला आता आपण इकडून निकलू" टाइप, पुण्याचे भाऊजी सारखे हसत होते पण मला तर घरच्यासारखं वाटलं. वेळेवर आला, गाडी स्वच्छ, आईंना, म्हणजे सासूबाईंना, चढता यावं म्हणून स्वतःचं छोटं स्टूल आणलेलं. याचे पूर्ण मार्क.

सुरुवात जयविलास राजवाड्यापासून. १८७४ मध्ये जयाजीराव शिंद्यांनी बांधला, नकाशा मायकेल फिलोसचा, हे सगळे सांगतात, यानेही सांगितलं. दरबार हॉलमधली दोन झुंबरं, एकेक साडेतीन टनांचं, आणि छत पेलेल का बघायला वर हत्ती चढवले ही गोष्ट मी पहिलीपासून ऐकतेय तरी वर बघितलं की मान आपोआप मागे जाते. चिरंजीव दिवे मोजायला लागला, साठाच्या पुढे गेला आणि मग गडबडला, परत पहिल्यापासून. जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी मात्र गाइडने झकास दाखवली, रुळ कुठून कसा फिरतो, डब्यांवरच्या बाटल्यांमधून ब्रँडी आणि सिगार पाहुण्यांपर्यंत कसे जायचे, बाटली उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की निघायची. पोरगं दहा मिनिटं तिथून हलेना.

मग खरी नेपाळची बात सुरू झाली आणि इथे माणूस खरंच तयारीचा निघाला. एका दमात सांगितलं. राजमाता विजयाराजे, माहेरचं नाव लेखा दिव्येश्वरी, जन्म १९१९ सागरचा, आई नेपाळच्या राणा घराण्यातली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पंतप्रधानकी ज्यांच्या हातात होती त्या घरातली, १९४१ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीरावांशी लग्न. त्यांची मुलगी उषाराजे काठमांडूला दिली, पशुपती शमशेर राणांना, ज्यांचे आजोबा मोहन शमशेर हे नेपाळचे शेवटचे राणा पंतप्रधान. आणि १९६६ मध्ये राजमातांचा मुलगा माधवराव यांची बायको पुन्हा नेपाळचीच, किरण राज्यलक्ष्मी, जुद्ध शमशेरांच्या वंशातली, इथे येऊन माधवीराजे झाली. म्हणजे एक अर्धी नेपाळी सून आली, एक लेक तिकडे गेली, एक पूर्ण नेपाळी सून आली. हे त्याने बोटांवर मोजून दाखवलं तेव्हा पुण्याच्या बहिणीला पहिल्यांदा नीट कळलं, तिला वाटायचं सगळं एकाच लग्नाबद्दल आहे.

यात मला आवडलं ते नावांचं. आपल्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहितात ना, तसं लेखाची विजया झाली, किरणची माधवी झाली. आई म्हणाल्या, ६६ साली आमच्या वाड्यात बायकांची पैज लागलेली की ही नेपाळची पोरगी 'ळ' कधी म्हणायला लागेल. पैज कोण जिंकलं ते त्यांना आठवत नाही. गाइड म्हणाला मावशी हे मी आता टूरमध्ये टाकणार. खुशाल टाक म्हणाल्या.

आता तक्रारी.

पहिली बारीक. महाराज बाड्यावर, म्हणजे लश्करच्या मुख्य चौकात, आल्यावर साहेब म्हणतात, हे शिंद्यांचं गोरखी देवघर, गोरखी म्हणजे गोरखा, नेपाळच्या राण्यांमुळे नाव पडलं. अरे देवा. गोरखी दौलतराव शिंद्यांच्या काळापासूनची आहे, नेपाळची पहिली सून आली १९४१ ला, सुनेच्या आधी सव्वाशे वर्षं तिचं नाव कसं पडेल. मी तिथेच सांगितलं, मान्य केलं बिचाऱ्याने, पण मान्य करायचा टोन असा होता की पुढच्या गिऱ्हाइकाला परत तेच सांगणार.

दुसरी मोठी, आणि स्टार तिथेच कापले. नारायणहिटी. १ जून २००१, काठमांडूच्या राजवाड्यात गोळीबार, राजे बीरेंद्र, राणी ऐश्वर्या आणि घरातले बाकीचे गेले, चौकशी समितीने युवराज दीपेंद्रांनाच जबाबदार धरलं, आणि लग्नाच्या वादात उषाराजेंच्या मुलीचं नाव जगभरच्या पेपरात आलं. ठीक आहे, इतिहास आहे, सांगा. पण पंचवीस मिनिटं? झाडाखाली उभं राहून, बंदूक धरल्यासारखे हात करून, कोण कुठल्या दारातून पळालं ते नाचून दाखवत, समोर नऊ वर्षांचं पोर. त्या मुलीचं नाव तर असं घेतलं की जणू सिनेमाची हिरोइन. जिवंत माणसं आहेत हो ती, कोणाच्या घरातली लेक आहे. आईंनी मध्येच काठी आपटली, "पुरे आता, पुढे चल." चिरंजीव रात्री मला विचारतो, मावशी त्या राजपुत्राला आईने फोन दिला नव्हता का म्हणून चिडला?

त्याच वर्षात या घराने काय काय बघितलं ते मात्र सांगितलंच नाही. जानेवारीत राजमाता गेल्या, जूनमध्ये हे काठमांडूचं, आणि ३० सप्टेंबरला माधवरावांचं विमान मैनपुरीजवळ पडलं. आमच्या गल्लीत त्या दिवशी कोणाकडे चूल पेटली नव्हती, हे मी स्वतः बघितलंय. पंचवीस मिनिटांतली दोन इकडे दिली असती तरी चाललं असतं.

आणि तिसरी तक्रार, जी मला टूर संपल्यावर फूलबागेत कळली. झाशीच्या राणीच्या समाधीवर आम्ही बसलेलो, गाइड पाणी प्यायला गेलेला, आणि भाऊजींनी सहज विचारलं की पण राणा घराण्यातली बाई सागरला काय करत होती, नेपाळ कुठे, सागर कुठे. बरोबर प्रश्न! आणि याचं उत्तर अख्ख्या टूरमध्ये नव्हतं. मग आईंनी सांगायला सुरुवात केली आणि मी अधूनमधून साल घालत गेले.

तर झालं असं की राजमातांच्या आईचे वडील खड्ग शमशेर. १८८५ मध्ये काठमांडूत पंतप्रधान रणोद्दीप सिंग यांना त्यांच्याच पुतण्यांनी गोळ्या घालून संपवलं, खड्ग शमशेर त्या पुतण्यांपैकी एक. थोरला भाऊ वीर शमशेर पंतप्रधान झाला आणि दोन वर्षांत त्याला हाच भाऊ नको झाला, पाठवला पाल्पाला. तिथे काली गंडकीच्या काठी त्याने बायकोच्या आठवणीत राणी महाल बांधला, नेपाळचा ताजमहाल म्हणतात त्याला, आणि मग शेवटी देश सोडून हिंदुस्थानात, सागरला. तिथे आजोळी आईवेगळी लेखा वाढली. म्हणजे ग्वाल्हेरची राजमाता नेपाळच्या भाऊबंदकीमुळे सागरची होती. आता सांगा, हे पंचवीस मिनिटं सांगायचं सोडून बंदुकीचे हात काय करताय?

आणि जिथे बसलेलो तिथूनच तर गोष्ट सुरू होते ना. जून १८५८, राणी आणि तात्या टोपे ग्वाल्हेरवर आले तेव्हा जयाजीराव आग्र्याला पळाले, इंग्रजांच्या आसऱ्याला. राणी इथे पडली. पुढच्या वर्षी नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत शिरले, त्यांच्या घरच्या बायकांना जंगबहादूर राणाने काठमांडूत आसरा दिला. हाच जंगबहादूर लखनौला इंग्रजांच्या बाजूने गोरखे घेऊन आला होता आणि त्याच्या बदल्यात पुढे तराईचे चार जिल्हे परत मिळवून बसला. म्हणजे बघा, पेशव्यांचा सरदार इंग्रजांकडे, पेशवा स्वतः नेपाळकडे, आणि ऐंशी-एक वर्षांनी त्या सरदाराच्या आणि त्या राणाच्या घरांची सोयरीक.

पुढेही तेच. नोव्हेंबर १९५० ला राजे त्रिभुवन राणा घराण्याच्या तावडीतून निसटून काठमांडूच्या भारतीय दूतावासात शिरले आणि तिथून विमानाने दिल्लीला, आणि राज्य गमावलं ते मोहन शमशेरांनी, ज्यांच्या नातवाला पुढे ग्वाल्हेरची लेक दिली. जुद्ध शमशेर पंतप्रधानकी सोडून म्हातारपणी डेहराडूनला. आणि आणीबाणीत राजमाता तिहारमध्ये, मुलगा माधवराव नेपाळमध्ये. मायलेकातलं पुढचं वितुष्ट ग्वाल्हेरला सांगायला नको, एक भाजपमध्ये, एक काँग्रेसमध्ये, आणि मत कोणाला यावरून आमच्या घरात सासरे आणि चुलत सासरे वर्षभर बोलले नव्हते.

आई म्हणाल्या, "इकडून पळायचं झालं की नेपाळ, तिकडून पळायचं झालं की इकडे. मधल्या काळात लग्नं."

हे वाक्य ऐकून गाइड पाण्याची बाटली हातात धरून उभाच राहिला. मी म्हटलं हे पण टाक टूरमध्ये. हसला, पण वही काढून लिहून घेतलं, खरंच, छोटी लाल वही, त्यात आधीची कसली कसली नोंद होती पेन्सिलने. तिथे अर्धा स्टार परत दिला.

शेवटी शिंद्यांच्या छत्र्या, म्हणजे घराण्याच्या समाध्या. मे २०२४ मध्ये माधवीराजेंना इथेच अग्नी दिला, त्या दिवशी आम्ही लांबूनच बघितलेलं, ऊन मरणाचं होतं. गाइड इथे काही बोलला नाही, चप्पल काढून उभा राहिला. बरं वाटलं.

बाकी कामाचं : सकाळी पहिल्याच वेळेला जा, नाहीतर राजवाड्यात शाळांच्या सहलींच्या मागे मागे फिरावं लागतं. मराठा इतिहासाची नवीन गॅलरी घाईत उरकू नका, त्याला म्हणावं इथे थांब. टूरमध्ये नाश्ता नाही, आम्ही आधी बेडई खाऊन निघालेलो, उशिरा निघाल तर बहादुराचे लाडू गाडीत ठेवा. ज्येष्ठ मंडळी असतील तर स्टूलचं आठवण करून द्या. आणि पोरं बरोबर असतील तर फोनवर बुकिंग करतानाच सांगा, नारायणहिटी दोन मिनिटांत, आणि खड्ग शमशेरांचं विचाराच, आता वहीत आहे त्याच्या.